मुर्डोच्या तीन माशा

प्रिय टॉर्किल,

माझं अक्षर पाहून दचकला असशील. डोंगराच्या एका अंगाला तू, दुसऱ्या अंगाला आम्ही, पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. निरोप असला की पेगी टपालगाडीतून तोंडीच पोचवायची, वर पदरचं तिखटमीठ लावून. फोन केला असता, पण तो आमच्या बोळकांडीत टांगलेला, आणि मुर्डो हल्ली दिवसभर चुलीपाशी बसून असतो. म्हणून खुराड्याजवळ बादली पालथी घालून तिच्यावर बसून लिहिते आहे. ओळी वाकड्या गेल्या तर कोंबड्यांना बोल लाव.

आमच्याकडे तसं बरं आहे. मेंढ्या व्याल्या, कोकरं सगळी जगली. बटाटे लावून झाले. काळी कोंबडी अजून तशीच भांडखोर आहे. तिच्या मानेची पिसं उपटायला मुर्डो यायचा तेव्हा ती त्याला चोच मारायची आणि तो तिला म्हणायचा, "अगं बाई, तुझ्या एकेका पिसावर ट्राउट मासे जीव टाकतात, तुला काही कौतुक?" आता तिची पिसं कुणी मागत नाही. गळाला पिसं बांधून खोट्या माशा बनवायचा त्याचा चिमटा सप्टेंबरपासून खिडकीत तसाच आहे. मी त्याच्यावरची धूळ पुसते, पण जागचा हलवत नाही.

आणि परवा सकाळी ओटची पेज ढवळता ढवळता तो म्हणाला, "शनिवारी दुपारी वरच्या तळ्यावर जाऊन येतो म्हणतो." टॉर्किल, मी पटकन पाठ फिरवून भांडी विसळायला लागले. इतका आनंद झाला होता की तो त्याला दिसला तर तो जायचं रद्द करेल असं वाटलं. दुपारी ओटच्या भाकऱ्या केल्या. त्याचे जाड मोजे काढून उन्हात टाकले. संध्याकाळी त्याच्या खोट्या माशांची मोठी पेटी पुसून टेबलावर ठेवली. त्याने ती हळूच बाजूला सरकवली आणि तंबाखूची रिकामी डबी मागितली. तिच्यात तीन माशा ठेवल्या, तिन्ही काळ्या, झाकण लावलं आणि डबी कोटाच्या खिशात टाकली. मी विचारलं, "बाकीच्या?" तो म्हणाला, "तीन पुष्कळ झाल्या."

हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो हसेल. डोंगरावर ओझं कमी केलं, शहाणा झाला, म्हणेल. पण तुला माहीत आहे ना, माझा हा नवरा माशा कशा भरायचा? जायच्या आधी चार दिवस आमच्या टेबलावर जेवायची सोय नसायची. ढग आले तर काळ्या, ऊन पडलं तर सोनेरी पोटाच्या, वारा सुटला तर केसाळ मोठ्या, काहीच झालं नाही तर त्या करड्या, ज्यांना आजवर एकही मासा लागलेला नाही. त्याही तो दरवर्षी न्यायचा. शंभराच्या पुढे जायचा आकडा, आणि वापरायचा दोन-तीन. तू दारातूनच ओरडायचास, "मुर्डो, लेका, मासे धरायला निघालायस की मुलीचं लग्न लावायला?" आणि तो मान वरही न करता म्हणायचा, "असू दे रे. एखादी लागलीच तर?" तेव्हा मला त्या पसाऱ्याचा राग यायचा. आता कळतं, त्या पेटीत त्याच्या पुढच्या सगळ्या सकाळी असायच्या, ऊन-पावसासकट. ज्याला उद्या काय होईल याची उत्सुकता असते, तोच 'लागलीच तर' म्हणतो.

तू शेवटचा आमच्या घरी आलास तो होडी उलटल्याच्या त्या चौकशीनंतर. मुर्डोने तुला बसही म्हटलं नाही. तू टोपी हातात घेऊन उभा राहिलास आणि तसाच गेलास. तुला वाटत असेल, त्याला तुझा राग आहे. राग असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी पाण्यात काय झालं ते तू पाहिलंस, मी नाही. मला एवढंच माहीत की होडी उलटली, तू तुझी होडी वल्हवत आलास आणि हाताला पहिली कॉलर लागली ती मुर्डोची. त्याच्या होडीतले पाहुणे, म्हातारे होलरॉइड, तोवर खाली गेले होते. चौकशीत सगळे म्हणाले, वारा अचानक फिरला, कुणाचाच दोष नाही. पण घरी येऊन मुर्डो मला म्हणाला, "टॉर्किलच्या हाताला चुकीचा माणूस लागला." अगदी शांतपणे म्हणाला. नंतर उठून कोंबड्यांना दाणे घातले. त्या शांतपणाची मला तेव्हापासून भीती वाटते आहे.

जे त्याने चौकशीत सांगितलं नाही ते मला हिवाळ्यात सांगितलं, एकदाच. होलरॉइड म्हणाले होते, "मुर्डो, ही नको, दुसरी एखादी दे." म्हणून त्याने वल्ही सोडली आणि पेटी मांडीवर घेतली. शंभर माशा. ही देऊ की ती देऊ करत तो शोधत बसला, आणि तेवढ्यात होडी वाऱ्याला आडवी झाली. म्हाताऱ्याने तोल सावरायला उभं राहायला नको होतं. पण मुर्डो ते हिशेबात धरत नाही. तो म्हणतो, "माझं डोकं पेटीत होतं."

तेव्हा कदाचित तीन माशांचा अर्थ एवढाच असेल की पुन्हा कधी शोधत बसावं लागू नये, नजर पाण्यावर राहावी. मंगळवारची सगळी संध्याकाळ मी स्वतःला हेच समजावत होते. मग पटतही होतं. शोधत बसायला नको म्हणून तीनच, तर तीनच, असं म्हणत मी त्याच्या कोटाचं सैल झालेलं बटणसुद्धा शिवलं.

पण मग शनिवार का? आपल्यातलं कोणी कधी शनिवारी वरच्या तळ्यावर जातं का रे? सोमवारी पहाटे निघायचं, दोन रात्री त्या दगडी खोपटात काढायच्या आणि बुधवारी भिजलेल्या कुत्र्यासारखं घरी यायचं, हीच रीत. शनिवारी दुपारी निघालेला माणूस चढून पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि रविवारी तर पाण्यात गळ टाकायचा नाही. त्याच्या आजोबांनी रविवारी दाढीसुद्धा केली नाही, आणि हा स्वतः पाहुण्यांना सांगायचा, "साहेब, मासे आज चर्चला गेलेत." मी त्याला म्हटलं, "अरे, रविवारी वर बसून काय करशील?" तो म्हणाला, "बसेन." मी म्हटलं, "मग सोमवारी तरी माशा लागतीलच ना?" त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला, आणि म्हणाला, "सोमवारचं सोमवारी, इशबेल." एका संध्याकाळपुरत्या तीन माशा खरंच पुष्कळ होतात. हा हिशेब माझ्या डोक्यात तेव्हा जुळला: सोमवार त्याने धरलेलाच नाही.

तू म्हणशील, सरळ विचार ना त्याला. दोनदा तोंड उघडलं. एकदा चहा ओतताना, एकदा तो बूट पुसत असताना. शब्द दातांपर्यंत येतो आणि वाटतं, आपणच बोलून दाखवला तर तो खरा होईल. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर म्हणतो, "मला काय झालंय? जेवतोय, झोपतोय." झोपत नाही तो. आज सकाळी त्याने फाटकाची बिजागरी दुरुस्त केली, लाकडं फोडून पावसाळी छपराखाली रचून ठेवली आणि मला विहिरीच्या पंपाचा दट्ट्या कसा बदलायचा ते दाखवलं. "माहीत असावं," म्हणाला. टॉर्किल, मी मान हलवत होते आणि मला त्याचं एक अक्षरही ऐकू येत नव्हतं.

म्हणून हे पत्र. पेगी उद्या सकाळी तुझ्याकडे येईल. तिला म्हटलंय, हे हातात दे आणि वाचून होईपर्यंत थांब. तुला जमणार नसेल तर तिच्याजवळ नुसतं 'नाही' सांग, म्हणजे शनिवारी मी स्वतःच त्याच्या मागे जाईन, त्याला आवडो न आवडो. पण जमव. तुझ्या बाजूची वाट जवळची आहे, तू त्याच्या आधी खोपटात पोचशील. मी लिहिलंय म्हणून सांगू नकोस, समजावू नकोस, त्या दिवसाबद्दल तो बोलला तर फक्त ऐक. रविवारभर त्याच्याजवळ बस, दोघे गप्प बसलात तरी चालेल. फक्त तुझी पेटी घरी ठेवून ये, आणि तो आला की, होडीत नव्हे, जमिनीवर, खोपटाच्या दारात, त्याच्याकडे एक माशी माग. होलरॉइडनंतर त्याच्याकडे कुणी माशी मागितलेली नाही. पूर्वी वाटेने जाणारा येणारा मागायचा, आणि त्याने कधी कुणाला रिकाम्या हाताने पाठवलं नाही; पण त्याला त्रास नको म्हणून आपण सगळ्यांनी मागणंच बंद केलं. मलाही ती माया वाटली होती. तो तुला शिव्या घालेल, तीनातली एक पुढे करेल. ती घेऊ नकोस. म्हण, ही नको, सोमवारसाठी ती लाल शेपटीची दे, काळ्या पिसांची, तू बांधायचास ती. मला माहीत आहे मी तुला कुठले शब्द उच्चारायला सांगते आहे. तरी म्हण. तो म्हणेल, नाही रे माझ्याकडे. मग म्हण, बांधून दे, मी थांबतो. पिसं या पाकिटात घालणार होते, काढून ठेवली. ती इथे घरी आहेत, त्याच्या चिमट्याशेजारी.

घाबरलेली, तुझीच,
इशबेल