गॅलरीतील मिरचीचे डबे न हलविण्याबाबत

प्रति,
मा. वसाहत व्यवस्थापक,
वसाहत कार्यालय, नागपूर

विषय : डालड्याच्या डब्यांतील मिरची, सांबार (कोथिंबीर) व पुदिना संक्रांतीपर्यंत गॅलरीत राहू देण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. ११ नोव्हेंबर १९७४.

महोदय,

१. अर्जदार ही विधवा असून मुलाच्या गाळ्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. डब्यांचे पाणी खाली गळते, या निनावी तक्रारीवरून डबे काढावेत असे आपण कळविले आहे. प्रत्येक डब्याखाली जुनी थाळी आहे. पाणी गळत नाही. तेव्हा तक्रार पाण्याची नसावी, असा अर्जदारास पहिल्यापासून संशय आहे.

२. मिरचीचे बी अर्जदाराच्या माहेरचे, उमरेडकडचे आहे. ते शेत कोळशाच्या खाणीत गेले, भाऊही राहिला नाही. हे बी आता या डब्यांतच उरले आहे. मिरच्या अजून हिरव्या आहेत. घरात ऊन नाही. आत्ता डबे हलविल्यास त्या लाल होणार नाहीत व बी धरणार नाही.

३. प्रथम संशय तळमजल्यावरील चंपतरावांवर होता. अर्जदाराने खाली जाऊन त्यांची वाळत घातलेली धोतरे चाचपून पाहिली. "काय शोधून राहिल्या बाई माह्या धोतरात?" असे त्यांनी विचारले. धोतरे कोरडी होती.

४. नंतर शेजारच्या शोभाताई मेश्राम. श्रावणात त्यांनी मिरच्या मागितल्या. अर्जदाराने मूठभर तोडून त्यांच्या उंबऱ्याशी ठेवल्या. त्या म्हणाल्या, "खाली काहून ठेवता? हात आहे ना मले." अर्जदार नुसती हसून परत आली. तेव्हापासून ती दिसली की त्या दार लावून घेतात. म्हणून अर्जदार रोज झाडावरच्या मिरच्या मोजू लागली. एकही कमी झाली नाही, त्यामुळे संशय जास्तच वाढला.

५. परवा चौकीदार नत्थूजींकडून कळले की शोभाताई जिन्यात म्हणाल्या, "म्हातारी आमचा इटाळ मानते." महोदय, अर्जदाराच्या घरी मिरची कोणाच्याच हातात देत नाहीत, हातोहात दिली की दोघांत भांडण लागते. सुनेलाही ती खाली ठेवूनच मिळते. हे सर्वांना ठाऊक असते, असे अर्जदार धरून चालली. परंतु माहेरच्या विहिरीवर काही बायकांच्या घागरीत वरून, लांबून पाणी ओतलेले अर्जदाराने लहानपणी पाहिले आहे, आणि त्या बायकांचे चेहरेही तिला आठवतात. शोभाताईंनी जे धरले, ते उगीच धरले असे ती म्हणू शकत नाही. तक्रार त्यांचीच आहे, असे अर्जदाराचे म्हणणे नाही. संशय मात्र आहे.

६. तरी डबे राहू द्यावेत व आपण समक्ष पाहणीस यावे. येताना शोभाताईंचे दार आपण वाजवावे; अर्जदाराने वाजविले तर त्या उघडत नाहीत. दार उघडल्यावर अर्जदार आपल्यासमोर त्यांच्या हातात मिरच्या देईल. भांडणाची भीती आता राहिलेली नाही, ते होऊन गेले आहे.

आपल्या येण्याची वाट पाहणारी,
जयवंताबाई रुपराव भोयर
नागपूर, दि. १६ नोव्हेंबर १९७४