एल्बाची लेक

प्रिय आई,
तुला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांनाही नमस्कार.

मी बेटावर सुखरूप पोचले. वादळामुळे आमची बोट एका खाडीत अडकून पडली, म्हणून उशीर झाला, इतकंच. पाऊस तुझ्या वेळचाच आहे. फळ्यांची पायवाट शेवाळलीय आणि तिच्यापलीकडे नुसतं रान. गोळ्या घेतेस ना?

रोसाउरामावशी धुरावलेले शिंपले पोटभर खाऊ घालते. पण एक गंमत झाली. आमची बोट बुडाली, असं इथे रेडिओवर कळलं होतं. मावशी माझ्यासाठी रडून मोकळी झाली आणि तिच्याकडे ठेवलेली माझी खाट, निळा स्वेटर, सगळं रीतीप्रमाणे तिने जाळून टाकलं.

"आता थंडीत घालू काय?" मी म्हटलं.

"मेल्यावर थंडी वाजते होय?" ती हसली आणि एकदम पाठ वळवून चूल फुंकू लागली.

गेलेल्याचं नाव आपल्यात कुणी घेत नाही. माझंही आता कुणी घेत नाही. नुसतं "अगं", "पोरी", नाहीतर "एल्बाची लेक".

"मावशी, एकदा तरी हाक मार गं."

"मारली आणि दुसऱ्याच कुणी ओ दिली तर?"

काल रानातून कुणीतरी मला नावाने हाक मारली. मी ओ दिली नाही. तू काळजी करू नकोस.

उत्तर मात्र लगेच धाड. पाकिटावर माझं नाव ठळक लिही. टपालवाला धक्क्यावर नावं ओरडून पत्रं वाटतो, आणि तो बाहेरचा आहे.

तुझीच,
एर्मेलिंदा