अप्पांच्या स्वेटरवरचं लाल

८ जानेवारी

कौस्तुभचा पुन्हा फोन. "ताई, फोटो झाले का? संक्रांतीनंतर पार्टी घर बघायला येणार." जशी काही मी त्याची नोकर! दलालांसाठी लोकांच्या घरांचे फोटो काढणं हा माझा धंदा, म्हणून स्वतःच्या घराचेही मीच काढायचे. नल्लकुंट्याचं हे घर विकायचं आणि अप्पांना त्याच्या कोंडापूरच्या फ्लॅटवर न्यायचं, असं ठरलंय. म्हणजे आम्ही दोघा भावंडांनी ठरवलंय. अप्पांना कुणी विचारलंच नाही. एकटीनं त्यांचं करून मी थकले आहे — इथे तरी खरं लिहिते.

९ जानेवारी

पुढच्या खोलीनं डोकं उठवलं. खोलीचा उजेड धरावा तर खिडकी पांढरीफटक. बाहेरचं सीताफळाचं झाड धरावं तर खोलीत मिट्ट काळोख. मग ट्रायपॉड लावून तीन फोटो काढायचे — एक काळोखा, एक बेताचा, एक खूप उजळ — आणि सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक बसवायचे. तिन्हींतलं चांगलं तेवढं एका फोटोत येतं. अट एकच, मधे कुणी हलायचं नाही.

आणि नेमके खिडकीशी अप्पा! म्हटलं, खुर्ची आत घेते. "नक्को. विकायचंय ना? मग माझ्यासकट दाखव. घेणाऱ्याला कळू दे, इथे कोण बसतं ते."

११ जानेवारी

काढला एकदाचा. भिंती सुरेख, सीताफळाचं पान न् पान दिसतंय, आणि अप्पांची छाती पुसट! दम्यामुळे श्वास घेताना सगळं अंग वर-खाली होतं त्यांचं. जे हललं त्यावर सॉफ्टवेअर लाल रंग फासून दाखवतं. पडद्याच्या कडेला थोडं लाल, आणि अप्पांच्या राखाडी स्वेटरवर भलामोठा डाग. दुरुस्त करायला जावं तर तिथे घाणेरडा चट्टा उमटतो.

"अप्पा, जरा स्थिर बसा ना!"

"श्वास बंद करू काय मग?"

चिडले. मीही चिडले. जेवताना एकच विचारलं, "कौस्तुभच्या तिथं खिडकीतून काय दिसतं गं?"

समोरच्या बिल्डिंगचे पाइप दिसतात. मी म्हटलं, बाग.

१२ जानेवारी

दिवसभर खोकत होते. "मला इथेच राहू दे" असं एकदा जरी म्हणाले असते, तर कौस्तुभशी भांडता आलं असतं मला.

१४ जानेवारी

संक्रांत. आभाळभर पतंग, गच्चीगच्चीवर आरडाओरडा. सकाळी चहा घेता घेता अप्पा आपणहून म्हणाले, "हौ, काढ प्राजू तुझा फोटो. आज नाही हलत." इतक्या गरीब आवाजात की मला रडूच आलं. आत जाऊन नळ सोडून रडले.

दुपारी पडदा बांधला, पंखा बंद केला. अप्पांचा डोळा लागला होता, मान खुर्चीला टेकलेली. तिन्ही फोटो झाले तरी हूं का चूं नाही. "शाबास अप्पा!" म्हटलं. खुर्चीच्या हातावर तिळगूळ ठेवलाय, उठले की खातील. आज सांगणार आहे त्यांना, कौस्तुभला नाही म्हणते, घर राहू दे. फोटो तेवढा आपल्यासाठी ठेवू.

कॉम्प्युटर फोटो बसवतोय, तोवर या चार ओळी. झालं वाटतं —

२६ जानेवारी

खिडकीत पतंगांवर लाल ठिपके होते. अप्पांच्या स्वेटरवर काहीच नव्हतं. टेबलापासून त्यांच्या खुर्चीपर्यंत मी कशी गेले, आठवत नाही.

कौस्तुभला भिंतीवर लावायला फोटो हवाय. "संक्रांतीचा दे ना ताई, किती स्वच्छ आलाय." त्याला अकरा तारखेचा दिला, छाती पुसट आलेला.