आमेन कोणी म्हणायचं

जळगाव,
१९ जानेवारी १९९७

प्रिय सुवार्ता,

प्रभूमध्ये सलाम. धुळ्याला पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. उत्तर द्यायला उशीर झाला. तुला पत्रं नेहमी तुझी आई लिहायची आणि शेवटी एक ओळ जागा सोडून कागद माझ्याकडे सरकवायची. मी त्या ओळीत ‘तब्येत सांभाळ’ एवढं लिहायचो. आज पूर्ण कागद माझ्यापुढे आहे आणि मला त्याची सवय नाही.

इकडे थंडी अजून आहे. शेजारच्या मंदाबाई दिवसाआड काहीतरी आणून देतात. मंगळवारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत दिलं. आईच्या कुंड्यांना पाणी घालतो. तुळस सुकली, बाकीच्या जगल्या आहेत. तुळस घरात ठेवल्यावरून चर्चमधल्या प्रमिलाबाईंनी तिला एकदा टोकलं होतं, आठवतं? आई म्हणाली होती, खोकल्याला लागते हो, पूजेला नाही. ती अशी पटकन उत्तरं द्यायची. मला ती घरी आल्यावर सुचायची.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. भाकरी वाढून घेतो, हात जोडतो, प्रार्थना करतो आणि शेवटी थांबतो. आपल्या घरातली रीत तुला माहीत आहे. जो प्रार्थना करतो त्याने स्वतः आमेन म्हणायचं नाही, ते ऐकणाऱ्याने म्हणायचं. माझ्या वडिलांची ती शिस्त होती. मागणं एकाचं असलं तरी ‘तसंच होवो’ दुसऱ्याने म्हणावं, असं ते सांगत. इतकी वर्षं मी थांबायचो आणि तुझी आई म्हणायची. आता मी थांबतो आणि घरात काहीच होत नाही. परवा मंदाबाई वाटी न्यायला आल्या तेव्हा मी तसाच बसलो होतो. म्हणाल्या, “गुरुजी, भाकर गार झाली, कोनाची वाट पाहता?” मी म्हटलं, कोणाची नाही.

आई गेली त्या दिवशी कबरस्तानात पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी तुझ्या शेजारी उभा होतो. तुझे ओठ मिटलेले होते. मला वाटलं रडू आवरते आहेस. नंतर माझ्या लक्षात आलं की तुझ्या तोंडून तो शब्द मी पंधरा-सोळा वर्षांत ऐकलेला नाही. कधीपासून, हेही मला ठाऊक आहे.

पांझरेकाठची ती दोन खोल्यांची शाळा तुला आठवत असेल. मी तिथे हेडमास्तर होतो आणि तू दुसरीत. सकाळची प्रार्थना संपली, पोरं हात सोडणार तेवढ्यात रांगेतून तुझा आवाज आला, “आमेन.” चांगला खणखणीत. तू काही ठरवून केलं नव्हतंस. प्रार्थना संपली की कोणीतरी ते म्हणायचं असतं, कोणीच म्हणत नाही म्हणून तू म्हणालीस. पोरं हसली. तुझ्या वर्गातला तो आधार नावाचा पोरगा तुला दिवसभर आमेनबाई, आमेनबाई करत होता. तू त्याला पाटी मारलीस, तेही मला कळलं होतं.

संध्याकाळी पारावर जीवराम आबांनी मला हाक मारली. म्हणाले, “मास्तर, हाई सरकारनी शाळा शे, तुमनं चर्च नही.” चार माणसं हसली. मीही हसलो. पण गावात आपलं एकच ख्रिस्ती घर. कोणी वर अर्ज केला की मास्तर पोरांना आपला धर्म शिकवतो, तर काय, हेच घरी येईपर्यंत डोक्यात घोळत होतं. तुझ्या आईला मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी तुला रांगेतून पुढे बोलावलं. सगळ्या शाळेसमोर तुला कान धरायला लावले आणि तुझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, शाळेत आमेन म्हणणार नाही. तिसऱ्यांदा तुझा आवाज निघेना, तर मी म्हटलं, मोठ्याने. तू मला बाबा म्हटलंस. मी म्हटलं, इथे गुरुजी म्हणायचं.

त्या दिवशी जेवताना मी प्रार्थना केली आणि थांबलो. रोज तू आईच्या आधी म्हणायचीस, तुमची शर्यतच असायची. त्या दिवशी तू ताटाकडे बघत बसलीस. आई थोडी थांबली, मग तिने म्हटलं. त्यानंतर कायम तिनेच म्हटलं. मला वाटायचं, पोर आहे, विसरेल.

मी मनाशी एक कारण धरून ठेवलं होतं. शाळा सगळ्यांची आहे, तिथे कोणा एकाचा धर्म चालायचा नाही आणि नियम आधी आपल्या लेकराला लावावा. हे कारण चांगलं आहे, अजूनही मला ते चुकीचं वाटत नाही. पण त्याच वर्षी दसऱ्याला फळ्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती मीच काढली, कारण माझं अक्षर बरं. नारळही मीच फोडला. पोरांच्या आनंदासाठी केलं, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तू पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे बघायचं टाळलं. सगळ्यांच्या शाळेत मी फक्त तुला जागा ठेवली नव्हती.

आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही. कान धरायला लावले त्याच आठवड्यात जीवराम आबा शाळेत आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, “मी ते गंमत करेल व्हती, मास्तर. पोरले कान धराले कोनी सांगेल व्हतं तुमले?” कोणीच सांगितलं नव्हतं. अर्ज नव्हता, साहेब नव्हता, गाव नव्हतं. मी एकटाच घाबरलो होतो. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी मला तुझ्यापुढे उभं केलं असतं.

नंतर सांगायचं राहूनच गेलं. डी.एड.ला तुला धुळ्याला सोडलं तेव्हा स्टँडवर मी बोलायला तोंड उघडलं होतं. मग विचारलं, घोंगडी घेतलीस ना. तू हो म्हणालीस. बस लागली आणि मी परत आलो.

गेल्या गुरुवारी सुई शोधायला मी आईच्या शिवणयंत्राचा खण उघडला. तिथे तुझी पत्रं होती. मी वाचायला नको होती, पण घरात दुसरा आवाज नाही, म्हणून वाचत गेलो. ऑक्टोबरचं एक पत्र आहे. तू शिकवतेस त्या वर्गात पाटीपूजन होतं आणि एक मुलगी हात जोडेना. बौद्ध घरातली आहे, घरी नाही म्हणून सांगितलंय, असं ती म्हणाली. मोठ्या बाईंनी तुला सांगितलं की तिला समजावा, सगळ्यांसमोर बरं दिसत नाही. तू समजावलं नाहीस. तिला खिडकीपाशी बसून चित्र काढू दिलंस आणि मोठ्या बाईंची बोलणी खाल्लीस. खाली लिहिलं आहेस, आई, मला बाबांसारखी शिक्षिका व्हायचं नाही, त्यांना सांगू नकोस. तिने नाही सांगितलं. पत्र मात्र वेगळं, सगळ्यात वर ठेवलं होतं.

मी ते तीनदा वाचलं. वाईट वाटलं हे खरं. पण मुलगी खिडकीपाशी बसली हे वाचून बरंही वाटलं. अडतीस वर्षं नोकरी केली, मला ते एकदाही सुचलं नाही.

सुवार्ता, मी तुझा अपराधी आहे. हे तोंडाने म्हणायला हवं होतं, आई असताना म्हणायला हवं होतं. पुढच्या महिन्यात नऊ तारखेला, रविवारी, आईच्या कबरीवर क्रूस बसवायचा आहे. तू येशील तेव्हा दुपारी आपण दोघंच जेवायला बसू. त्या दिवशी प्रार्थना मी करणार नाही. तू कर. मोठ्याने नको असेल तर मनात कर. करायचीच नसेल तर नुसती बस, आईची आठवण काढ, काहीच काढू नकोस. तुझं झालं की माझ्याकडे बघ, म्हणजे मला कळेल. आमेन मी म्हणेन.

तुझाच,
बाबा