हमीची मुदत

२३ नोव्हेंबर, सकाळ

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. मायना वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, पण दुसरा शब्द सापडला नाही. तुला नावाने हाक मारायची मला सवय नाही, आणि ‘मॅडम’ लिहावं तर तू हसशील. सध्या हाच चालवून घे. तुझा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण मीही कुरकुरते, त्यामुळे आमचं जमतं.

आधी चुकीबद्दल. परवा माझ्या पडद्यांच्या व्यवसायाकडून तुला एक पत्र आलं. ‘सप्रेम नमस्कार. आपल्याकडील पडद्यांच्या कामाची हमी या महिन्याअखेर संपत आहे. त्याआधी काही उसवलं, सैल झालं किंवा लोंबत असल्यास कळवावे. आम्ही स्वतः येऊन विनामूल्य दुरुस्त करू.’ वाक्यं तुझीच आहेत, ओळखली असशील.

ते तुला जायचं नव्हतं. कॉम्प्युटरवरचे साचे कसे भरायचे हे मला शिकवताना तू नमुन्यादाखल पहिली ग्राहक म्हणून स्वतःचंच नाव घातलं होतंस. खिडकी तुमच्या खोलीची, माप खरं, कापड ते निळं. ‘शिकून झालं की हा नमुना पुसून टाका, आई,’ असं बजावलंही होतंस. मी पुसला नाही. या महिन्यात ज्यांची हमी संपते त्यांची नावं समोर आली, मी बटण दाबलं आणि सगळ्यांबरोबर तुलाही पत्र गेलं. नमुना भरलास तेव्हा तू या घरात होतीस. पत्र निघालं तेव्हा तुमचा घटस्फोट होऊन वर्ष होत आलं होतं.

तू उत्तर देशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ‘पडदा डावीकडे लोंबतो आहे.’ एवढंच. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग मशीन बंद केली, चहा टाकला आणि तो तसाच गार झाला.

घरात आणखी एक बातमी आहे, ती सांगतेच. आधी धंद्याचं ऐक.

काम बरं चाललंय. माझा पूर्वीचा कारभार आठवतो ना? गिऱ्हाइकाचं माप चिठ्ठीवर, चिठ्ठी टाचणीने कापडाला, आणि टाचणी गळाली की सगळा आनंद. वकीलसाहेबांच्या ऑफिसात पिवळी बदकं लागली आणि तान्ह्या बाळाच्या खोलीत करडे, गंभीर पडदे, ती भानगड त्यातूनच झाली. तू हसून हसून लोळलीस आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर घेऊन माझ्या शिवणाच्या टेबलापाशी येऊन बसलीस. वकीलसाहेबांनी बदकं अजून उतरवलेली नाहीत बरं का. म्हणतात, अशिलं जरा मऊ होतात.

तू साचे केलेस तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पहिल्या फोननंतरचं पत्र, मापाचा कागद, दरपत्रक, काम ठरल्याचा कागद, शेवटी हे हमीचं. मला वाटायचं, सगळ्यांना एकच पत्र म्हणजे सगळ्या खिडक्यांना एकाच मापाचा पडदा. तू म्हणालीस, ‘आई, हे तुमच्या पेपर कटिंगसारखंच आहे. मूळ आकार तोच, पण अंगावर बघून तुम्ही शिवण कमीजास्त करताच ना? चौकटी कंसात जे आहे ते तुमचं. हवं ते घाला.’ तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

आणि घालतेय हो. मापाच्या कागदात मी माझी एक ओळ वाढवली आहे: ‘या खिडकीतून सकाळी काय दिसतं?’ लोक आधी बुचकळ्यात पडतात, मग सांगत सुटतात. एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं, ‘समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे. बायको गेल्यापासून मी तेच बघत बसतो.’ त्यांनी जाड कापड निवडलं होतं. मी ते रद्द करून पातळ दिलं. आता ते पडदा लावूनही बघू शकतात.

तुझ्या नव्या खिडकीतून काय दिसतं हे मात्र मला माहीत नाही. मास्तरांच्या खिडकीतलं माहीत आहे, वकिलांच्या खिडकीतलं माहीत आहे, तुझ्या नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

मधे एकदा बाजारात भेटलीस, तेव्हा विचारणार होते. पण तू ‘अहो’ म्हणालीस. आधी ‘आ’ म्हणून थांबलीस, मग ‘अहो, कशा आहात?’ मी ‘बरी आहे’ म्हटलं आणि उगाच कांदे निवडत बसले. कांदे नको होते मला.

आता बातमी. पडदे, वकील, मास्तर करत मी मघापासून तिच्याभोवती घिरट्या घालतेय, तुझ्या लक्षात आलंच असेल. आमचे चिरंजीव पुढच्या महिन्यात लग्न करताहेत. हे तो तुला सांगेल म्हणून मी वाट पाहिली, पण तो तोंड उघडायला किती वेळ लावतो ते तुला सांगायला नको. मुलगी दातांची डॉक्टर आहे, म्हणजे निदान त्याचं तोंड कुणीतरी उघडेल. चांगली आहे गं. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. बोलताना माझ्या दातांकडे बघते, म्हणून मी तिच्यासमोर ओठ मिटून हसते.

त्यांच्या खोलीचे नवे पडदे मीच शिवतेय. गेल्या आठवड्यात तुझे निळे उतरवले. स्टुलावर उभी राहून एकेक हुक काढताना रडले, खोटं कशाला सांगू?

तुझं उत्तर आलं तेव्हा ती दोघं इथेच होती. चिरंजीवांनी वाचलं आणि म्हणाले, ‘आई, आता हे बास कर. आमचं संपलंय, महिन्याभरात लग्न आहे. बरं दिसतं का हे?’ मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. कारण चारचौघांना विचारलं तर सगळे त्याचंच बरोबर म्हणतील. नवी सून आली, जुनीची जागा भरली. तूही तसंच समजशील आणि पुढच्या वेळी बाजारात ‘अहो’सुद्धा म्हणणार नाहीस.

तुम्ही दोघं वेगळे झालात, शहाण्या माणसांसारखे, आवाज न चढवता. तू सही केलीस, त्याने केली. माझी सही कुणी मागितली का? मी कुठे तुला सोडलंय? मला तू हवी आहेस. वर्षभर मला हेच लिहायचं होतं आणि दर वेळी कागद पुढ्यात घेऊन मी तुझ्या खोकल्याच्या पुढे जात नव्हते.

चिरंजीवांचं बोलून होतंय तोच दातांच्या डॉक्टरांनी माझ्या खांद्यावरून वाकून तुझी ओळ वाचली. म्हणाल्या, ‘काकू, हमी महिनाअखेरपर्यंत आहे ना? मग तुम्हाला जायला लागेल. मी बसवलेला दात हलला तर मी काय पेशंटला नातं विचारते?’ चिरंजीव उठले, माळ्यावरून लांब स्क्रूंची पुडी काढली आणि माझ्या पिशवीत टाकली. ‘तिच्याकडची भिंत पोकळ आहे. दांडा सुटला असेल, पडदा ठीक असणार,’ म्हणाले. तुझं सामान हलवायला तोच आला होता, त्याला भिंती माहीत.

मी दोघांनाही एक गोष्ट सांगितली नाही. तुझ्या त्या घरातला पडदा मी शिवलेलाच नाही. दुकानातून तयार आणला असशील. म्हणजे आपल्या नियमाने त्याला हमी लागूच होत नाही. हे तुला चांगलं ठाऊक आहे, नियम तूच लिहिलेत. तरी तू कळवलंस. ती एक ओळ मी उशीखाली ठेवल्यासारखी जपतेय.

तेव्हा रविवारी सकाळी मी येतेय. तुझे निळे पडदे धुऊन, इस्त्री करून ठेवलेत. हातमशीन आणते, माप घेऊन तिथेच बसून बेतते. कापड भरपूर आहे, दुमड मी तेव्हाच मोठी ठेवली होती. जुन्या खोलीचं काही डोळ्यांसमोर नको वाटत असेल तर तसं सांग. मी दांडा पक्का करून मुकाट्याने परत जाईन. फक्त तोंडावर सांग, पत्राने नको.

जाण्याआधी काम ठरल्याचा कागद पाठवायचा, ही तुझी शिस्त. तो सोबत जोडला आहे. काम: सुटलेला दांडा बसवणे. दिवस: रविवार. खिडकीतून सकाळी काय दिसतं: ही माझी ओळ मापाच्या कागदातून इथे घेतली आहे, पण मोकळी ठेवली आहे, ती तिथे येऊन भरू. बाकी सगळं तुझ्या साच्याबरहुकूम आहे. एका ठिकाणी मात्र मी हात घातलाय. हमीच्या मुदतीसमोर तू ‘दोन वर्षे’ लिहिलं होतंस, चौकटी कंसात, म्हणजे बदलता येण्यासारखं. ते खोडून मी लिहिलंय, ‘शिवणारी आहे तोवर.’

वाचून बघ. पटलं तर खाली तुझी सही कर. माझी मी केली आहे.

तुझी,
आई