आपण कारखान्याचे की कॉलेजचे?

घाटनांदूर,
दि. १८ एप्रिल १९८७

ती. भगवानराव दाजींच्या पायांवर बंकटचा कोरडाच नमस्कार. (ओला करायला इथं पाणी नाही.) आक्काचे गुडघे कसे आहेत? तुमचा दमा कसा आहे? आष्टीकडं पावसाचं काही ऐकू येतं का? आमच्याकडं फक्त पुढाऱ्यांचे दौरे येतात, आणि तेही धूळ उडवून जातात. बाकी सर्व खुशाल, म्हणजे माझी नोकरी जायच्या बेतात आहे. सविस्तर लिहितो, चष्मा लावून वाचावे.

तुम्हाला माहीतच आहे की मी लहानपणापासून कबड्डीचा वेडा. खेळता कधी आलं नाही, पण ओरडण्यात मला तोड नव्हती. माझं पहिलं प्रेम आमच्या कॉलेजच्या संघावर. (मी तिथं दोनदा नापास झालो, ही गोष्ट वेगळी. प्रेमात पास-नापास नसतं.) या संघाचा कोच म्हणजे ग्रंथालयाचा शिपाई. सात जणांच्या चड्ड्या तीन रंगांच्या. सरावाला पोरं उशिरा येतात, कारण आधी आडावर घागरींचा नंबर असतो. निम्म्यांचे आईबाप कोयता घेऊन साखरपट्ट्यात गेलेले. सुग्रीव नावाचा पहिला चढाईपटू तर घरच्या तीन शेळ्या मैदानाच्या कडेला बांधून खेळतो. शेळ्या ओरडल्या की त्याचं लक्ष जातं, हा एवढाच त्याचा दोष.

दुसरा संघ आमच्या सहकारी साखर कारखान्याचा. मीठ त्याचं खातो, म्हणून प्रेम करावं लागतं. हा धंदेवाईक संघ. खेळाडू घाटावरून आणलेले, मांड्या अशा की बघत राहावं. मस्टरवर कुणी फायरमन, कुणी पोती शिवणारा, तर कॅप्टन थेट ऊसविकास अधिकारी. त्यानं ऊस पाहिला असेल तो रसवंतीत. दोन हंगाम झाले, ऊस नाही म्हणून बॉयलर पेटलेला नाही, पण संघाचा खुराक चालू आहे. मागच्या वार्षिक सभेत अहवाल वाचला गेला : गाळप शून्य, चषक तीन. टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर. मी काट्यावरचा क्लार्क. उसाच्या गाड्याच नाहीत, तर दोन वर्षांत मोठ्या काट्यावर मी फक्त गंमत म्हणून संचालकांची वजनं केली. एवढ्या दुष्काळात वाढलेली वजनं मी तेवढीच पाहिली.

तर यंदा चेअरमन चषकाच्या फायनलला नेमके हेच दोन संघ समोरासमोर आले. (दोन बायका असलेल्या माणसानं हळदीकुंकवाला कुठं उभं राहावं, तशी माझी गत झाली.) मातीच्या मैदानाला आदल्या दिवशी पाणी मारून, धुम्मस करून माती ठोकून बसवावी लागते, हे तुम्ही जाणताच. घाटावरच्या पाहुण्यांना तर माती लोण्यासारखी लागते. त्यासाठी कारखान्याचा टँकर निघाला, आणि काट्यावर काम नाही म्हणून टँकरवर मला नेमलेलं. मारुतीच्या वळणावर छबुबाईनं चाळीस बायांसह टँकर अडवला. छबुबाई म्हणजे आमच्या गल्लीतली म्हातारी, तिच्यापुढं सरपंचही टोपी काढतो. चाळीस घागरी, एक मी. अर्ध्या तासात टँकर रिकामा.

दुसऱ्या दिवशी मैदानाची जी धूळ उडाली म्हणता! फायरमन चढाईला गेला आणि चौथ्या 'कबड्डी'लाच खोकला येऊन त्याचा दम तुटला. ऊसविकास अधिकाऱ्याची दोन्ही कोपरं सोलून निघाली. आमची पोरं मात्र जन्मापासून तीच धूळ खात आलेली. सुग्रीवनं एका चढाईत उरलेल्या तिघांना बाद करून लोण चढवला आणि कॉलेज दोन गुणांनी जिंकलं. मी कारखान्याच्या मांडवात, कारखान्याची टोपी घालून बसलेलो. आनंदात ती टोपी कधी उडवली ते कळलं नाही. चेअरमनसाहेबांच्या फराळाच्या ताटात पडली तेव्हा कळलं.

आता नोटीस आली आहे. पाणी मुद्दाम मैदानापर्यंत पोचू दिलं नाही, असा आरोप आहे. 'आपण कारखान्याचे की कॉलेजचे, याचा खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल.' दाजी, कारखान्याच्या बायलॉजमध्ये माणसानं मनातून कुणाचं असावं हे कुठं लिहिलंय? आक्काला नमस्कार, लेकरांना पापे.

आपला मेहुणा,
बंकट

ता. क. : मूळ काम लिहायचं राहिलं. चेअरमनसाहेबांचे व्याही अर्जुनराव तुमच्या शेजारीच राहतात. त्यांच्या कानावर घाला, की बंकट बिचारा एकटा होता, बाया अंगावर धावून आल्या. नोकरी वाचेल.

ता. क. दुसरा : 'धावून आल्या' हे घालू नका. खुलाशावर साक्षीचा अंगठा घ्यायला छबुबाईकडं गेलतो. म्हणाली, "आमी कावून आडवू बाबा? तूच हाळी देलती की, या म्हणून! व्हॉल बी तूच सोडलास. लई पुण्य लागंल तुला." आणि अंगठा द्यायचा सोडून तिनं मला ओवाळलं.

ता. क. तिसरा : हे फक्त तुम्हाला. व्हॉल्व्ह सोडताना माझ्या डोळ्यांपुढं छबुबाई नव्हती, कोरडं मैदान होतं आणि सुग्रीवची चढाई होती. चेअरमनसाहेबांचा आरोप शब्दन् शब्द खरा आहे. फायनलच्या आधी तीन आठवडे तोच टँकर, सरावाच्या मैदानावर मारायला, रोज छबुबाईच्या दारावरून जात होता. बाया घागरी घेऊन नुसत्या बघत उभ्या राहायच्या. ड्रायव्हरशेजारी मीच बसलेला असायचो, आणि थांबव असं एकदाही म्हणालो नाही. अर्जुनरावांशी बोलायचं की नाही, ते आता तुम्हीच ठरवा.