सहज पुलगावला

पवनार,
मंगळवार, २२ ऑगस्ट १९७८

प्रिय नरहर,

पाकिटावरचा पत्ता माझ्या अक्षरात नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तो आमच्या गावच्या शाळेतल्या शोभाबाईंकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं तर तू हे न फोडताच ट्रंकेत टाकशील, असा मला संशय होता. शोभाबाई म्हणाल्या, "स्वतःच्या दोस्ताले पत्र लिहाले अक्षर काऊन चोरता?" मी म्हटलं, असंच. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पत्ता लिहून दिला. त्यांनाही काहीतरी संशय आलाच असणार. हल्ली मला सगळ्यांच्या बघण्यात काहीतरी दिसतं. तू म्हणशील, हल्ली कशाला, पहिल्यापासूनच. तेही खरं आहे.

आधी मला जसं दिसलं तसं लिहितो. त्यात मी चुकलो कुठं ते पुढे लिहीनच, पण मधेच "हा वेड्या डोक्याचा" म्हणून कागद घडी करून ठेवू नकोस. एकदा तरी माझं म्हणणं ओळीनं ऐकून घे.

तुमच्या घरी मी पहिल्यांदा आलो तो दिवस तुला आठवतो का, मला माहीत नाही. आपण बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो. मायनं तुमच्यासाठी दूध दिलं होतं आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हटलं, "काकू, गंज द्या." तुझी आई साताऱ्याकडची, तिला समजेना. मग तुझ्या बहिणीनं, इंदूनं, पातेलं आणून दिलं आणि ओठ दाबून आत पळाली. तू म्हणालास, ती सगळ्यांनाच हसते. मी त्या दिवशी ते मानलं. पण पुढे महिनाभर तुमच्या घरी कुठल्याही भांड्याचं नाव घेतलं नाही, नुसतं बोट दाखवत होतो. वर्गात हिशोबाच्या सरांनी माझ्या "मले"ची नक्कल केली आणि मी वही तिथंच टाकून निघून आलो, तेव्हाही तू समजावायला पवनारपर्यंत सायकल हाणत आलास. "एका शब्दासाठी वर्ष वाया घालवतो का?" असं तू विचारलंस. मी म्हटलं, शब्दासाठी नाही, हसण्यासाठी. कॉलेज सुटलं ते सुटलंच. नत्थूजी आमचे, म्हणजे बाबा, अजून रोज एकदा त्याचा पाढा वाचतात.

कॉलेज सुटलं तरी मी तुमच्याकडे येत राहिलो. कशासाठी, ते तुला कळत होतं का नव्हतं, हाच माझा सगळ्यात जुना संशय. आता लपवून काय करायचं. मी इंदूसाठी येत होतो. तुझ्यासाठीही येत होतो, पण वर्ध्याच्या बाजारात काही काम नसताना आठवड्यातून दोनदा आठ किलोमीटर सायकल चालवायची ती तुझ्यासाठी नव्हे. मागच्या दिवाळीनंतर एक दिवस तुझी आई आतून म्हणाली, "इंदे, वासूदादाला पाणी दे." तोपर्यंत मी "वासू" होतो. इंदूनं पाण्याचा गडवा समोर ठेवला आणि तीही म्हणाली, "घ्या वासूदादा." तुमच्या घरी भाजीवाल्यालाही दादा म्हणतात हे मला ठाऊक आहे. तरी मी ते पाणी प्यायलो नाही. घरी येताना पूर्ण रस्ता एकच विचार, की हे कोणी शिकवलं? काकूंनी? नानांनी? का तूच म्हणालास की याला आता दादा म्हणत जा, म्हणजे याचं येणं कमी होईल?

एवढं डोक्यात घेऊन मी त्या अकरा एप्रिलला आलो.

धाम नदीच्या पात्रात यंदा आमची टरबुजाची वाडी होती. त्यातली दोन मोठी निवडून, पोत्यात घालून कॅरिअरला बांधली. इंदूचा शेवटचा पेपर दुसऱ्या दिवशी होता, हे मला पाठ होतं. दुपारचे तीन वाजले असतील, ऊन असं की डांबर टायरला चिकटत होतं. तुमचं दार उघडं. नाना खुर्चीवर बसलेले, निघायच्या तयारीत पायात वहाणा, पण डोकं उघडं. तुझ्या नानांना, हरिभाऊ मास्तरांना, मी टोपीशिवाय कधी बघितलं नव्हतं. पहाटे संडासला जातानासुद्धा टोपी घालतात अशी तूच त्यांची थट्टा करायचास. मला वाटलं, मी काय पाहुणा आहे, माझ्यासमोर टोपी कशाला घालतील. तू पायात चप्पल घालून पिशवी घेऊन उभा. आतल्या खोलीचं दार लावलेलं, इंदू मोठ्यानं पाठ करत होती तो आवाज येत होता. काकू दिसल्या नाहीत.

मी विचारलं, कुठं निघालास? तू म्हणालास, पुलगावला. मी म्हटलं, कशाला? तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "सहज."

नरहर, एप्रिलच्या दुपारी तीन वाजता, म्हाताऱ्या बापाला घेऊन, पुलगावला कोणी सहज जातं का? मी तेव्हाच समजलो की हे खोटं आहे. खोटं होतंच, आणि इतकंच मला बरोबर समजलं. बाकी सगळं उलटं समजलो. मला वाटलं, माझी सायकल गल्लीत दिसली आणि तुम्ही पिशवी घेऊन उभे राहिलात. मी टरबुजं ओट्यावर ठेवली, तर नाना म्हणाले, "आज नको. घरी ने." त्यांचा आवाज घोगरा होता, तो मला तुसडा वाटला. बस म्हणाले नाहीत. पाणी विचारलं नाही. मी पोतं उचललं, आणि इतकं होऊनही रोजची सवय म्हणून म्हटलं, "येतो." तुमच्या घरातून "येतो" म्हणून निघालं की कोणी ना कोणी "ये रे" म्हणतंच. शेंगा सोलत असो, पेपर वाचत असो, मान न उचलता का होईना, म्हणतं. त्या दिवशी मी पायरीवर थांबून वाट बघितली. खरंच थांबलो. तू भिंतीकडे बघत होतास, नाना जमिनीकडे. कोणी "ये" म्हटलं नाही.

टरबुजं मी धामच्या पुलावरून खाली टाकली. एक पाण्यात पडलं, एक दगडावर. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे केलं ते सगळ्यात शेवटी लिहितो. ते लिहायची आत्ता छाती होत नाही.

मग मी वर्ध्याला जाणं सोडलं. बाजाराला जायचं तर हिंगणघाट गाठायचो, पण वर्ध्याला नाही. तुझ्याकडून काही येईल म्हणून दीड महिना पोस्टमनच्या तोंडाकडे बघितलं. आलं नाही, म्हणजे माझा संशय खरा. जूनमध्ये हरिदास आला होता. आपला सायकलच्या दुकानाचा हरिदास. पेरणीची धांदल, मी शेताच्या धुऱ्यावर उभा. तो लांबूनच म्हणाला, "वासू, नरहरच्या घरी—" मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, "त्या घराचं नाव काढशील तर तुले इथंच गाडीन," आणि हातात ढेकूळ घेतलं. त्याला वाटलं, आपसातलं भांडण आहे, मिटेल. तो परत गेला. तो काय सांगायला आला होता, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही. मला वाटलं, तूच त्याला मध्यस्थ म्हणून पाठवलं असशील.

पोळा जवळ आला म्हणून मागच्या आठवड्यात माय बैलांच्या झुली काढून बसली होती. मी जवळ बसलो. तिनं सहा वेळा विचारलं होतं की तुझं आणि नरहरचं काय बिनसलं, आणि सहाही वेळा मी फक्त "झगडा झाला" म्हटलं होतं. त्या दिवशी कसं कोण जाणे, सगळं सांगितलं. टरबुजं, पिशवी, उघडं दार, सगळं. मला वाटलं, ती म्हणेल, शहरातले लोक असेच. तर तिचा हात थांबला.

तिनं विचारलं, "मास्तरच्या डोक्यावर टोपी नोती म्हणतं?"

मी म्हटलं, नव्हती.

"अन् तसेच बाहीर निघाले? उघड्या डोक्यानं?"

"हो."

"पाणी नाई विचारलं. टरबूज घेतलं नाई. अन् तू येतो म्हटलं त कोणी 'ये' नाई म्हटलं."

"तेच त सांगून राह्यलो."

मायनं झूल बाजूला सारली. तिच्या डोळ्यांत राग होता, पण तुमच्यासाठी नव्हता. ती म्हणाली, "अरे येड्या, मातीले निघालेलं मानूस 'ये' म्हणते काय कोनाले? अशा टायमाले 'येतो' म्हणाचं नसते, अन् 'या'ही म्हणाचं नसते. तुले एवढंही नाई समजलं? त्याइच्या घरचं कोनी गेलतं बापा. काकू घरी नोती म्हणतं. पुलगावले कोन राह्यते त्याइचं?"

पुलगावला तुझी पद्माताई राहते, सासरी. राहायची.

मी झुलींजवळून उठलो आणि तसाच सायकलवर बसलो. तुमच्या गल्लीत यायची हिंमत नव्हती, हरिदासच्या दुकानी गेलो. तो पंक्चर काढत होता. त्यानं माझ्या हाताकडे आधी बघितलं, ढेकूळ आहे का म्हणून. मग सांगितलं. दुसरं बाळंतपण, काकू आधीच तिकडे मदतीला गेलेल्या. दुपारी तार आली. इंदूचा पेपर होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही असं नानांनी ठरवलं, आणि शेजारणीला तिच्याजवळ ठेवून तुम्ही दोघं गाडीला निघालात. मी आलो तो नेमका त्या दहा मिनिटांत. दार लावलेल्या खोलीत ती पाठ करत होती आणि तू बाहेर मला "सहज" म्हणालास. दुसरा कुठला शब्द तू म्हणू शकला असतास, याचा मी आठवडाभर विचार करतोय. मला सापडला नाही.

हरिदास आणखी एक म्हणाला. तू त्याला म्हणाला होतास, "वासू तेरवीलेही आला नाही." म्हणजे तू चार महिने समजत होतास की मला माहीत आहे आणि तरी मी आलो नाही. मी समजत होतो की तुम्ही मला हाकललं. दोघंही आपापल्या घरी गप्प.

तरी खरं सांगू का, माझ्या मनातून अजून एक गोष्ट जात नाही. तू मला गल्लीच्या तोंडापर्यंत आणून चार शब्द सांगू शकला असतास. का सांगितले नाहीस? मी तिथंच आरडाओरडा करीन, आणि इंदूला कळेल, अशी तुला भीती वाटली का? वाटली असेल तर तू मला ओळखतोस. मी केला असता. पण ते तुझ्याकडून ऐकल्याशिवाय मला चैन पडणार नाही. इंदूच्या "दादा"बद्दल मात्र मी आता काही विचारत नाही. ते ती मनापासून म्हणत असेल तर ऐकायची सवय करीन.

आता ते शेवटचं. बारा एप्रिलला सकाळी मी तुला एक कार्ड लिहिलं होतं. पाकिटात नाही, मुद्दाम उघडं कार्ड, म्हणजे गल्लीनं वाचावं. इतक्या जोरानं लिहिलं की निब दोनदा कागदात अडकलं. माय म्हणाली, दे, मी बाजारले चालली, पेटीत टाकतो. तिला वाचता येत नाही, पण मी लिहितो कसा हे ती बघत होती. तिनं ते टाकलंच नाही, तांदळाच्या कोठीत ठेवलं. हरिदासकडून मी परत आलो तेव्हा तिनं ते माझ्या हातात दिलं आणि चुलीकडे बोट दाखवलं. चूल पेटलेली होती. मी बराच वेळ तिथं बसलो. ते जाळलं असतं तर तुला कधीच कळलं नसतं. मी नुसता उशिरा आलेला मित्र म्हणून तुझ्यासमोर बसलो असतो आणि तू मला माफही केलं असतंस. पण मी मला ओळखतो. तू पाणी दिलं असतंस तरी मला वाटलं असतं, याला कुठून कळलं तर नसेल? नाना गप्प बसले असते तरी, काकू रडल्या असत्या तरी, मी त्यांच्या चेहऱ्यात तेच शोधत बसलो असतो. जन्मभर. म्हणून ते कार्ड या पाकिटात घातलं आहे. नाना, काकू, इंदू यांच्या हाती पडू देऊ नकोस, तुझ्या एकट्यासाठी आहे. त्यावर तारीख आहे आणि एकच ओळ आहे: "तुमच्या घरी मयत झाली तरी वासुदेव तुमच्या दारात पाय ठेवणार नाही." तार येऊन एक दिवसही उलटला नव्हता रे, आणि मी हे लिहीत होतो. रविवारी सकाळच्या बसनं मी वर्ध्याला येतोय, माय सोबत आहे. ती आत जाऊन काकूंजवळ बसेल. मी गल्लीच्या तोंडाशी, त्या कडुलिंबाखाली उभा राहीन. तू बाहेर आलास तर आत येईन. नाही आलास तर मायचं बसून होईपर्यंत तिथंच थांबेन आणि तिला घेऊन परत जाईन, आणि या वेळी कोणावर संशय घेणार नाही.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
वासुदेव